चिन्ह कुठून आलं ते नंतर, आधी ते काय करतं ते पाहा

अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) किंवा जपानी गेम नव्याने हातात घेतलेल्या माणसाला लवकरच काही प्रश्न पडू लागतात. याच्या कोटाच्या पाठीवर साप कशाला? त्या मुलीच्या कपाळावर कागद का चिकटवलाय? हल्ला करायच्या आधी हवेत ते तेजस्वी वर्तुळ का उमटतं? मग आपण शोधाशोध करतो, एखाद्या फॅन-विकीवर ओळभर उत्तर सापडतं, 'शेपूट गिळणारा साप म्हणजे अनंतकाळ', आणि विषय तिथेच मिटतो. मला हे उत्तर नेहमीच अपुरं वाटत आलंय. चांगल्या कलाकाराने ठेवलेलं चिन्ह कथेत काही ना काही काम करत असतं. ते कुणाच्या अंगावर आहे, केव्हा उजळतं, पुसलं गेलं तर काय बिघडतं, यावरून त्याचा अर्थ ठरतो. ते मुळात कुठून आलं हेही पाहायचं, पण नंतर. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

आधीच सांगून ठेवतो, 'फुलमेटल अल्केमिस्ट', 'माडोका माजिका' आणि 'जुजुत्सु कायसेन' यांतल्या काही गोष्टी पुढे उघड होतील. कोरं राहून बघायचं असेल तर आधी बघून या.

पहिली पायरी: चित्र थांबवा आणि काळं करा

पात्र पूर्ण दिसेल अशी फ्रेम पकडून स्क्रीनशॉट घ्या. फोनवरच्या कुठल्याही साध्या अ‍ॅपमध्ये पात्राची आकृती काळ्या रंगाने भरून टाका. आता ओळखू येतंय का? पोकेमॉनच्या भागांत मध्येच एक काळी आकृती दाखवून 'हा कोण?' असं विचारायचे, तीच ही परीक्षा. सेलर मूनच्या डोक्यावरचे दोन गोल अंबाडे आणि त्यांतून सुटलेल्या लांब शेपट्या काळ्या आकृतीतही लपत नाहीत. 'फायनल फँटसी'मधला काळा जादूगार तर जवळजवळ आकृतीच आहे: उंच वाकडी टोपी, अंधारात बुडालेला चेहरा, दोन पिवळे डोळे. १९८७च्या पहिल्या गेमपासून तो असाच ओळखला जातो.

याच पायरीवर एक सवय लावून घ्या. प्रत्येक गोष्टीला प्रतीक समजू नका. मारिओला मिशी आणि टोपी मिळाली कारण १९८१च्या 'डाँकी काँग'मध्ये मोजक्याच ठिपक्यांत माणसाचा चेहरा उभा करायचा होता. मिशीने तोंड काढायचं वाचलं, टोपीने केस. अ‍ॅनिमेतही तेच. जे पात्र शेकडो वेळा पुन्हा पुन्हा काढायचं असतं त्याच्या कपड्यांवरच्या रेषा कमीच ठेवाव्या लागतात. म्हणूनच इतकी काटछाट होऊनही एखादी बारीक नक्षी शिल्लक राहिली असेल तर ती मुद्दाम ठेवलेली असण्याची शक्यता वाढते. माझं लक्ष आधी अशा शिल्लक राहिलेल्या गोष्टींकडे जातं.

दुसरी पायरी: रंग, पण तक्त्याशिवाय

'लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांत' असे तक्ते सगळीकडे फिरत असतात. ते बाजूला ठेवा. पांढऱ्याचंच पाहा: जपानमध्ये नवरीचा पारंपरिक पोशाख पांढराशुभ्र असतो आणि मृतदेहाला नेसवतात ते वस्त्रही पांढरंच. तक्ता कुठला अर्थ सांगणार?

रंग नेहमी तुलनेत वाचायचा. एका चमूत पाच जण असतील तर पाचांत कुणाला काय मिळालं ते बघा. ही पद्धत जपानी टीव्हीवर १९७५मध्ये सुरू झालेल्या सुपर सेंताई, म्हणजे रंगीत पोशाखांतल्या वीरांच्या चमूंच्या, मालिकांनी घट्ट रुजवली, तिथे लाल रंग बहुधा म्होरक्याचा. एकदा हा संकेत माहीत झाला की मोडलेलाही लगेच कळतो. जादूगार मुलींच्या मालिकांमध्ये नायिका अनेकदा गुलाबी असते आणि लाल रंग जातो भांडखोर प्रतिस्पर्धी मुलीकडे. रंगाबद्दल सुरुवातीला एवढं पुरे.

तिसरी पायरी: शक्ती शरीरावर कुठे ठेवली आहे?

माझ्या मते नवख्याने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. पात्राची जादू कशात आहे आणि ती वस्तू अंगावर नेमकी कुठे आहे, हे प्रत्येकासाठी वहीत लिहून काढा.

'पुएल्ला मागी माडोका माजिका' ही २०११ची, अवघ्या १२ भागांची मालिका या सरावासाठी उत्तम आहे. यातल्या प्रत्येक जादूगार मुलीकडे एक 'सोल जेम', म्हणजे जादूचं रत्न, असतं. एरवी ते बोटातल्या अंगठीसारखं दिसतं, आणि मुलगी लढायला सज्ज झाली की अंगावर ठरलेल्या जागी जाऊन बसतं. मामीचं केसांतल्या दागिन्यावर, सायाकाचं बेंबीपाशी, होमुराचं डाव्या हाताच्या पाठीवर, माडोकाचं गळ्याखाली. पहिल्यांदा बघताना हे निव्वळ दागिने वाटतात. मग सहाव्या भागात माडोका भांडण थांबवायला म्हणून सायाकाचं रत्न पुलावरून खाली फेकते, ते खालून जाणाऱ्या ट्रकवर पडून दूर जातं, आणि सायाका उभ्या जागी कोसळते. श्वास बंद. तेव्हा मुलींना ही शक्ती देणारा प्राणी, क्युबे, शांतपणे सांगतो की मुलींचा जीवच त्या रत्नात काढून ठेवलेला आहे आणि साधारण शंभर मीटरच्या पलीकडे तो शरीर चालवू शकत नाही.

आता मागे जाऊन वहीतल्या जागा पुन्हा वाचा. तिसऱ्या भागात मामीवर झालेला हल्ला थेट डोक्यावर होता, आणि तिचं रत्न होतं केसांत. सायाकाला जखमा भरून काढण्याची शक्ती मिळाली आहे, कारण तिने मागणंच दुसऱ्याचा हात बरा व्हावा असं मागितलं होतं. पुढे ती अंगावर वार झेलत, वेदना बंद करून लढते तेव्हा तिला कसली खात्री असते हेही समजतं. विकीवर 'सोल जेम म्हणजे आत्मा' एवढंच लिहिलेलं असतं. जागा लिहून ठेवल्यामुळे तुम्हाला त्यामागचं भय दिसतं.

हीच रीत हिरोमु अराकावा यांच्या 'फुलमेटल अल्केमिस्ट'ला लावून बघा. हा मांगा (जपानी चित्रकथा) २००१ ते २०१० या काळात आला. लष्करी अधिकारी रॉय मस्टँगचं किमयेचं वर्तुळ हातमोज्यावर काढलेलं आहे, त्यात ज्वाळा आणि सॅलमँडर. मोज्याचं कापड बोटं चुटकीसारखी घासली की ठिणगी पाडतं. म्हणजे मोजा भिजला की हा भलामोठा अधिकारी हतबल. पावसावरून त्याला टोमणे बसतात ते उगाच नाही. अल्फॉन्सचा आत्मा एका रिकाम्या चिलखताला बांधलेला आहे. तो बांधणारं चिन्ह मात्र त्या चिलखताच्या आत, मानेच्या मागच्या बाजूला आहे, आणि थोरल्या भावाने ते स्वतःच्या रक्ताने काढलंय. बाहेरून अल्फॉन्स त्या मालिकेतला सगळ्यात दणकट देह वाटतो. प्रत्यक्षात आतली ती तळहाताएवढी खूण पुसली की तो संपला. थोरला एडवर्ड एकदा सत्याच्या दारापर्यंत (जिथे किंमत मोजून ज्ञान मिळतं) जाऊन आल्यावर वर्तुळ काढतच नाही. दोन्ही तळवे जुळवतो आणि हातांचंच वर्तुळ करतो. तीन पात्रं, तीन जागा: काढता येणारं कापड, आतली जखम, आणि स्वतःचं अंग. प्रत्येकाने शक्तीसाठी काय मोजलंय ते या जागांतच लिहिलेलं आहे.

गेममध्ये ही पायरी आणखी सोपी जाते, कारण पात्र फिरवून बघता येतं. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये प्रत्येकाचं 'व्हिजन', म्हणजे शक्ती देणारं रत्न, वेगळ्या ठिकाणी अडकवलेलं असतं आणि प्रदेशाप्रमाणे त्याची चौकटही बदलते. पात्र सावकाश फिरवा, पाठ बघा, कंबर बघा. याच गेममधल्या चीचीच्या कपाळावरचा कागद आणि छिंगकालीन अधिकाऱ्यासारखी टोपी चिनी लोककथांतल्या उड्या मारत चालणाऱ्या प्रेतांकडून आली आहे. तो कागद प्रेताला ताब्यात ठेवणारा. आता चीची स्वतःलाच आज्ञा का देत असते याचा विचार करा, म्हणजे पायरी जमली.

चौथी पायरी: वर्तुळ स्वतः काढून बघा

जादूचं वर्तुळ नुसतं बघून कळत नाही. कंपास आणि पट्टी घ्या, स्क्रीन थांबवा आणि कागदावर उतरवा. रेषा कुठून सुरू होते, कुठे मिटते, मध्ये काय आणि कडेला काय, हे हाताला आधी समजतं.

सरावासाठी कामोमे शिराहामा यांचा 'विच हॅट अटेलिये' हा मांगा घ्या, २०१६पासून सुरू आहे. यातली जादू म्हणजे चित्रकलाच. मधोमध एक मुख्य चिन्ह असतं, ते कशाची जादू आहे ते ठरवतं: पाणी, आग, वारा. भोवतालच्या खुणा त्या जादूला दिशा आणि आकार देतात. आणि सगळ्याला वेढणारं कडं. कडं पूर्ण मिटलं की जादू सुरू. जरा फट ठेवली की सगळं तयार असूनही झोपलेलं. या एका नियमावर केवढं काही उभं राहतं! उडायच्या बुटांवर अर्धं अर्धं वर्तुळ काढलेलं असतं आणि पाय जुळले की ते पूर्ण होतं. खुणा वेड्यावाकड्या आल्या तर जादूही वेडीवाकडी येते. कोकोसारखी शिकाऊ मुलगी चुकते तेव्हा ती कुठे चुकली हे आपल्याला कागदावर बघून सांगता येतं.

हे व्याकरण समजलं की इतरत्र तीनच प्रश्न विचारायचे. मध्ये काय आहे? कडं कोण मिटवतं? जादू करणारा आत उभा आहे की बाहेर? युरोपातल्या जुन्या मंत्रविद्येत वर्तुळ मुख्यतः जादूगाराच्या रक्षणासाठी असे. तो आत, बोलावलेलं भूत बाहेर. अ‍ॅनिमेत बऱ्याचदा याच्या उलट असतं, वर्तुळातूनच काहीतरी बाहेर येतं. तुमच्या मालिकेत कोण कुठे आहे ते पाहिलं तर घाबरायचं कुणाला हे कळतं.

पाच टोकांच्या ताऱ्याबद्दल एक सूचना. हॉलिवूडच्या भयपटांमुळे तो दिसला की सैतान आठवतो. जपानी कथेत त्याचा पत्ता बहुतेकदा वेगळा असतो. आबे नो सेइमेई (९२१–१००५) हे हेइआन काळातले प्रसिद्ध ओन्म्योजी, म्हणजे दरबारी ज्योतिषी-मांत्रिक. पंचकोनी तारा त्यांची खूण मानतात आणि क्योतोच्या सेइमेई देवळात तो जागोजागी दिसतो. त्याची पाच टोकं लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी या चिनी पंचतत्त्वांशी जोडतात. कागदी ताईत फेकणाऱ्या पात्राजवळ असा तारा दिसला तर शोध क्योतोपासून सुरू करा.

पाचवी पायरी: हातांच्या मुद्रा, आणि 'हे तर आपलंच' म्हणायची घाई

इथे मराठी वाचकाला सुरुवातीलाच फायदा आहे. कूकाई (७७४–८३५) हा भिक्षू ८०४मध्ये चीनला गेला आणि तिथून तांत्रिक बौद्ध परंपरा घेऊन परतला. तिच्याबरोबर मंत्र, मुद्रा, मंडलं जपानमध्ये रुजली. आपला होम तिथे 'गोमा' म्हणून आजही देवळांत पेटतो. आपले दिक्पाल तिथे बारा देवांच्या मंडळात बसले: इंद्र 'ताइशाकुतेन' होऊन पूर्वेला, यम 'एन्मातेन' होऊन दक्षिणेला, दोघेही आपापल्या जुन्याच दिशांना. 'जुजुत्सु कायसेन'मध्ये गोजो बोटं एकमेकांवर चढवतो त्या मुद्रेचं नातं ताइशाकुतेनशी लावतात, सुकुनाच्या मुद्रेचं एन्मातेनशी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्यातला बुद्ध धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेत बसला आहे. तिथे जाऊन आलेल्याला हाताची बोटंही बोलतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण ओळखीचं नाव दिसलं की अर्थ कळला असं होत नाही. 'जुजुत्सु कायसेन'मधल्याच महोरागाचं उदाहरण घ्या. नाव आपल्या बौद्ध ग्रंथांतलं: देव, नाग, यक्ष, गंधर्व अशा आठ गणांतला शेवटचा गण महोरग, नागासारखेच सर्पदेही. एवढं कळलं म्हणून त्या पात्राबद्दल काय कळलं? फारच थोडं. आता तो करतो काय ते बघा. त्याच्या डोक्यावर आठ आऱ्यांचं चाक तरंगतं. त्याच्यावर हल्ला झाला की थोड्या वेळाने ते चाक खटकन फिरतं आणि त्यानंतर तोच हल्ला त्याला पहिल्यासारखा लागत नाही. म्हणजे चाकाचं प्रत्येक फिरणं हा एक शिकलेला धडा आहे. आठ आऱ्यांचं धर्मचक्र आपल्याला ठाऊक असतंच, पण एखादी शिकवण पुढे नेणारं चाक इथे मारणाऱ्याच्या कामी लावलंय, हा धक्का त्याची हालचाल पाहिल्यावरच बसतो. शिवाय त्याला बोलावणाऱ्या मेगुमीच्या विद्येत जपानच्या शिंतो परंपरेतल्या दहा पवित्र निधींचा धागा आहे, आणि तिची सुरुवात होते भिंतीवर हातांनी कुत्रा-पक्षी करायच्या सावल्यांच्या खेळापासून. एका पात्रात इतकं एकत्र आलेलं असताना 'हे तर आपलंच' एवढंच म्हणून थांबलं तर बाकीचं सगळं हातचं जातं.

स्वस्तिकाचीही गोष्ट इथेच. जपानमध्ये त्याला 'मांजी' म्हणतात, नकाशावर तो बौद्ध मंदिराची खूण असतो. 'ब्लीच'मध्ये इचिगोच्या बानकाई (पूर्ण शक्ती खुललेल्या) तलवारीची मूठ-पट्टी त्याच आकाराची आहे. 'नारुतो'च्या मांगात नेजीच्या कपाळावर मांजी होता, अ‍ॅनिमेत त्या जागी फुली आली. आकृती बदलली तरी कथेतलं काम तेच राहिलं: घराण्याच्या धाकट्या शाखेला थोरल्या शाखेच्या मुठीत ठेवणारा तो शिक्का आहे. कामाकडे लक्ष देणारा प्रेक्षक दोन्ही ठिकाणी तीच गोष्ट वाचतो.

सहावी पायरी: आता उगम शोधा

चिन्ह काय करतं याच्या चार-पाच ओळी वहीत झाल्यावरच शोधायला बसा. मग शोधण्यात मजा येते, कारण मूळ अर्थ आणि कथेतलं काम यांत कुठे जुळतं आणि कुठे फाटतं ते दिसू लागतं.

एडवर्डच्या लाल कोटाच्या पाठीवरचं चिन्ह, क्रुसावर वेटोळे घातलेला साप, निकोला फ्लामेलशी जोडलं जातं. खरा फ्लामेल पॅरिसमध्ये हस्तलिखितांच्या नकला आणि विक्री करणारा गृहस्थ, १४१८मध्ये वारला. किमयागार म्हणून त्याची दंतकथा मागाहून वाढली आणि क्रुसावरच्या सापाचं वर्णन असलेलं, त्याच्या नावावरचं पुस्तक छापलं गेलं ते १६१२मध्ये. आता कथेत हे चिन्ह कुणाकुणावर आहे? एडवर्डच्या कोटावर, अल्फॉन्सच्या चिलखताच्या खांद्यावर, आणि त्यांची गुरू इझुमी हिच्या छातीवर गोंदलेलं. म्हणजे कथेत ते गुरुघराणं सांगतं. शिष्यांनी ते कापडावर आणि लोखंडावर मिरवलं, गुरूने कातडीत भिनवून घेतलं. समोर होमुन्कुलस (किमयेने घडवलेली माणसं) मंडळींच्या अंगावर ओरोबोरोस, शेपूट गिळणारा साप. तोही किमयेच्या पोथ्यांतलाच. दोन्हीकडे सापच, पण एक शिकून मिळवलेला आणि दुसरा जन्मासोबत आलेला.

टॅरोचंही, म्हणजे भविष्य सांगायच्या चित्रपत्त्यांचंही, असंच. 'पर्सोना' गेममधल्या पात्रांना एकेक पत्ता बहाल केलेला असतो. बहुतेक खेळाडूंच्या डोळ्यांसमोरचे पत्ते १९०९च्या संचातले, पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेले असतात. 'पर्सोना ५'मधल्या फुताबाला 'हर्मिट', एकांतवासी, हा पत्ता आहे. ती खोलीबाहेर पडत नाही म्हणून तो तिला शोभतो, असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण पत्ता नीट बघा: त्या म्हाताऱ्याच्या हातात कंदील आहे. फुताबा पुढे चमूत येते ती वाट दाखवणारी म्हणून, सगळ्यांना शत्रू कुठे आणि कसा आहे ते सांगणारी. एका शब्दाच्या अर्थावर थांबलात तर कंदील निसटतो, म्हणून मूळ चित्र नेहमी उघडून बघा.

सातवी पायरी: बदलाची तारीख लिहा

डिझाइन स्थिर आहे तोवर फार काही बोलत नाही. ते बदललं की कान टवकारा. क्लॅम्प या चित्रकर्त्या गटाच्या 'कार्डकॅप्टर साकुरा'मध्ये सुरुवातीला साकुराची कांडी पक्ष्याच्या चोचीची आहे आणि पायाखाली उमटणारं वर्तुळ, तिच्या जादूच्या पत्त्यांचा मूळ जादूगार क्लो रीड याचं, सूर्य-चंद्राचं. जादूही त्याचीच, उसनी. पुढे कांडीवर तारा येतो, वर्तुळातही तारा येतो, आणि एकेक पत्ता ती आपल्या नावावर करत जाते तसा त्याचा रंगही गुलाबी होतो. हा बदल कुणी भाषण देऊन सांगत नाही. भागाचा क्रमांक आणि आधीचा-नंतरचा स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवलात की दहा वर्षांची मुलगी वारसा स्वतःचा कसा करते ते समोर दिसतं.

सुरुवात कुठून करायची?

वेळ कमी असेल तर 'माडोका', १२ भाग, आणि तिसऱ्या पायरीची वही सोबत. दुसऱ्यांदा बघताना चेटकिणींच्या मायावी जगातल्या भिंतींवरची अनोळखी लिपी थांबवून बघा. ती खरोखर वाचता येते, चाहत्यांनी अक्षरं लावली तेव्हा आत जर्मन मजकूर निघाला, काही ठिकाणी गटेच्या 'फाउस्ट'मधला. हात चालवायला आवडत असेल तर 'विच हॅट' आणि कंपासपेटी. मोठा प्रवास हवा असेल तर 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड'चे ६४ भाग. आपलं वाचन दुसऱ्यांना दाखवताना भाग आणि मिनिट जरूर लिहा, म्हणजे समोरच्याला तीच फ्रेम उघडून तुमच्याशी वाद घालता येईल. कॉस्प्लेचा, म्हणजे पात्रासारखा वेश करायचा, पोशाख शिवणार असाल तर तिसऱ्या पायरीची वही शिंप्याकडे नेण्याआधी पुरी करा. चिन्ह दोन बोटं वर शिवायचं की खाली, हे त्या वहीवरूनच सांगता येईल.